माने आक्कांचा कान

बडोद्याच्या घडियाळी पोळात, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्लीत, आमच्या समोरच्या घरात माने आक्का राहत. कुणी हातात पीस आणून दिलं की त्या ते आधी उजेडात धरून बघत, मग दांडीला चिमटीत पकडून उजव्या कानाजवळून झर्रकन फिरवत आणि नाव सांगत. ‘साळुंकी.’ ‘पारवा.’ ‘घार, पण कोवळी.’ इतकंच. पीस ज्याचं त्याला परत देत आणि पुन्हा शिवणाला लागत.

मी लग्न होऊन सांगलीहून बडोद्याला आले तेव्हा गुजरात वेगळा होऊन दहाएक वर्षं झाली होती. सासरच्यांच्या तीन पिढ्या बडोद्यात गेल्या होत्या. आजेसासरे संस्थानच्या हिशेबखात्यात होते, सासरे त्याच खुर्चीवर बसल्या बसल्या आधी मुंबई राज्याचे आणि मग गुजरात सरकारचे नोकर झाले. घरात मराठी, जिन्याची शेवटची पायरी उतरली की गुजराती. मला सुरुवातीला कोथिंबीर मागायची झाली तरी सासूबाईंना पुढे करावं लागे. अशाच एका सकाळी समोरच्या ओटल्यावरून कुणीतरी स्वच्छ मराठीत ओरडलं, “वहिनी, दूध उतू जातंय तुमचं!” दूध खरोखरच उतू जात होतं. माझी आणि आक्कांची ओळख झाली ती अशी.

त्या तेव्हा पन्नाशीच्या होत्या. उंच, काटक, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटात शिवणाचं पितळी टोपण असे, ते जेवतानाही निघत नसे. कुणाचं लक्ष वेधायचं तर हाक मारण्याऐवजी त्या टोपणानं ओटल्याच्या फरशीवर टकटक करत, आणि पोळातली मांजरंसुद्धा मान वळवत. यजमान रेव्हेन्यूत होते, ते लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवत आणि दुपारनंतर घरी लोकांची पोलकी शिवत. गुजराती शेजारणींनी त्यांना ‘आक्काबेन’ करून टाकलं होतं. आक्का म्हणत, “आक्का म्हणजे बहीण, बेन म्हणजेही बहीण. दोन्हीकडून बहीण झाले, भाऊबीजेला मात्र एक भाऊ फिरकत नाही.” हे सांगताना त्यांच्या आवाजात कुठे दुखल्यासारखं काही नसे. पोलक्याचं माप सांगावं तसं सांगत.

पिसांचं ज्ञान माहेरचं. त्यांचे वडील, आबा, संस्थानच्या शिकारखान्यात बाज आणि ससाणे सांभाळायला होते. ससाण्याचं उडायचं पीस मोडलं तर तो शिकारीला निकामी होतो. म्हणून आबा गळलेली पिसं जपून ठेवत आणि मोडक्या पिसाच्या दांडीत बारीक सुई बसवून त्यावर जुन्या पिसाचा तुकडा जोडत. कुठल्या पाखराचं, कितवं, डाव्या पंखाचं की उजव्या, हे चुकलं तर ससाणा तिरका उडायचा. घरात धान्याच्या डब्यांपेक्षा पिसांचे डबे जास्त होते, असं आक्का म्हणत. अक्षरं यायच्या आधी त्यांना पिसं यायला लागली.

आबांची एक गोष्ट त्या मोजक्याच लोकांना सांगत. कुणा बड्या पाहुण्यानं शिकारीत एक पक्षी पाडला आणि मंडळींसमोर तो माळढोक असल्याचं जाहीर केलं. सगळ्यांनी वाहवा केली. पाहुण्यानं आबांना विचारलं, “काय माने, खरं ना?” आबा म्हणाले, “नाही सरकार, तणमोर आहे.” म्हणजे माळढोकाच्या मानानं अगदीच लहान पाखरू. त्या वर्षी व्हायची ती बढती झाली नाही, आणि पुढेही कधी झाली नाही.

“मग पुढं?” मी विचारलं होतं. लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव त्यांचं एकच, मानेच. त्यामुळे ‘माने’ हा शब्द त्या जरा जास्तच ताठ मानेनं उच्चारत.

“पुढं काय? पाखराचं नाव चुकवायचं नाही, एवढं एकच आम्हाला घरातून मिळालं. दागिने नाही मिळाले.”

लोकांना मात्र नावात रस नसे, त्याच्या अर्थात असे. अंगणात, माळ्यावर, देवघरात पीस सापडलं की ते शकुन की अपशकुन, हा प्रश्न घराघरांत उभा राहायचा. कावळ्याचं असेल तर पितर काहीतरी मागताहेत. मोराचं असेल तर पाल येत नाही, पोराच्या पुस्तकात ठेवलं तर विद्या येते, आणि जाळून त्याची राख मधातून दिली तर उचकी थांबते. नीळकंठाचं असेल तर दसऱ्यापर्यंत जपायचं. घुबडाचं असेल तर त्याचं नावही दिवेलागणीनंतर घ्यायचं नाही. आक्का यातलं काही बोलत नसत. फारच कुणी मागे लागलं तर म्हणत, “कुणाचं ते मी सांगते. कशाला पडलं ते पाखराला ठाऊक.”

मी आल्याच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांमध्ये तपकिरी, पांढऱ्या पट्ट्यांचं एक पीस पडलं. सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला ते कागदात धरायला लावून आक्कांकडे पिटाळलं. आक्कांनी कानाजवळून फिरवलं.

“कोकीळ. मादी.”

मी आनंदानं परत आले. सासूबाई म्हणाल्या, “अगंबाई, कोकिळा! म्हणजे घरात पाळणा हलणार.” दुपारपर्यंत त्या खुशीत होत्या. मग त्यांना आठवलं की कोकिळा स्वतःचं घरटं बांधत नाही, आणि संध्याकाळी त्या माझ्या यजमानांना सांगत होत्या की ही मुलगी घर धरून राहायची नाही, तुला वेगळं काढील. एका पिसानं एका दिवसात मला दोन स्वभाव दिले. मी आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या टाके घालता घालता म्हणाल्या, “बरं झालं, कावळ्याचं नव्हतं. तीन दिले असते.”

पोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या दत्तोपंतांचं प्रकरण मी येण्याआधीचं, पण इतक्यांदा ऐकलंय की डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. कमाटीबागेत फिरायला गेले असताना त्यांच्या डोक्यावर झडप घालून एक काळं पाखरू उडून गेलं. कावळा शिवला म्हणजे मरण, हे सगळ्यांना माहीत. त्यावरचा उतारा म्हणजे नातेवाइकांना मेल्याची खोटी बातमी कळवायची. ते रडले की मरण टळतं. दत्तोपंतांच्या बायकोनं नाशिकला तार केली. दुसऱ्या दिवशी दीर-जावा रडत पोळात शिरल्या, तर दत्तोपंत ओटल्यावर बसून सेव-उसळ खात होते. मोठा भाऊ आधी रडला आणि मग मारायला धावला. त्या गोंधळात दत्तोपंतांच्या टोपीला अडकलेलं एक बारीक काळं पीस कुणीतरी आक्कांना दाखवलं.

“हा कावळा नाहीच,” आक्का म्हणाल्या. “कोतवाल आहे. त्याचं घरटं असेल जवळ. तो हत्तीच्याही डोक्यावर झडप घालतो.”

दत्तोपंतांची बायको रडवेली होऊन म्हणाली, “म्हणजे हे सगळे रडले ते फुकट?”

“फुकट कसं? जिवंतपणी ऐकलं ना पंतांनी आपल्यासाठी कोण किती रडतं ते. नशीब लागतं त्याला.”

आक्का इतकं लांब वाक्य क्वचित बोलत.

आता जे सांगायचं ते हंसाचं, शेजारच्या सुनेचं.

आमच्या घराच्या डाव्या हाताला सविताबेनचं घर. कापडाचा धंदा, दोन मुलगे, दोन सुना. थोरली जसु, तिला वर्षाच्या आतला मुलगा. धाकटी हंसा, डभोईकडच्या खेड्यातली, लग्नाला काही वर्षं होऊनही मूल नव्हतं. हंसा कामाला वाघ होती आणि बोलायला मुकी. जसुच्या बाळाला ती फार जपे. जसुला ते आवडत नसे, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

त्या हिवाळ्यात बाळ आजारी पडलं. ताप, खोकला, दूध घेईना. घरगुती काढे झाले, दृष्ट काढून झाली. मग एका सकाळी पाळण्यातली गोधडी झटकताना उशीखालून लाल दोरा गुंडाळलेलं एक पीस खाली पडलं. लांब, भुरकट, अंगावर पुसट नक्षी. सविताबेनच्या किंकाळीनं पोळ जागा झाला.

हे कुणी ठेवलं, असं कुणी विचारलंसुद्धा नाही. ज्या बाईला मूल नाही तिनं, हे सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं. हंसा नाही नाही म्हणत होती, तिचं ऐकायला कुणाला वेळ नव्हता. तिचा नवरा मालासाठी सुरतेला गेलेला. सविताबेनचे भाऊ जयंतीमामा यांना बोलावणं गेलं. मामांनी निकाल दिला की पीस घुबडाचं निघालं तर ही करणी आहे आणि पोरीला आजच्या आज माहेरी पोचवायचं. रिक्षा बोलावली गेली. हंसाची पत्र्याची पेटी दारात येऊन पडली. अशी गेलेली मुलगी परत येत नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

मग सगळे आक्कांच्या ओटल्यासमोर आले. सविताबेन, मामा, कडेवर तापानं मलूल बाळ घेतलेली जसु, आणि मागे स्वतःच्या दाराला टेकून, तोंडावर पदर ओढलेली हंसा. मी आमच्या पायऱ्यांवर उभी होते.

“आक्काबेन, जुओ ने,” सविताबेन म्हणाल्या. “घुवड तो नथी ने?” घुबड तर नाही ना?

आक्कांनी मशीन थांबवलं. पीस घेतलं, उजेडात धरलं. त्याच्या कडेला रेशमासारखी बारीक झालर होती, ती मला माझ्या पायरीवरूनही दिसली. मग त्यांनी ते कानाजवळून फिरवलं. एकदा. आणि पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा फिरवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी कुणाकडे पाहिलं असेल तर पेटीकडे.

“ढेल छे,” त्या म्हणाल्या. मग मराठीतही म्हणाल्या, जणू एका भाषेत सांगून पुरणार नव्हतं, “लांडोर आहे.”

लांडोर म्हणजे मोराची मादी. मोर देवाचा. सविताबेनचा श्वास मोकळा झालेला दिसला. पण जयंतीमामा पुढे आले आणि त्यांनी आक्कांच्या हातातून पीस घेतलं.

इतकी वर्षं आक्का सगळ्यांसमोर पिसं ओळखत आल्या होत्या आणि मुलांनी विचारलं तर कानाशी का नेतात तेही सांगत आल्या होत्या. कुठल्याही पाखराचं उडायचं पीस हवेत फिरवलं की आवाज करतं. मोठं पाखरू, मोठा आवाज. फक्त घुबडाचं करत नाही. ते उंदराला कळू न देता उडतं. पोळातलं शेंबडं पोरही हे सांगू शकलं असतं.

मामांनी पीस स्वतःच्या कानाजवळून फिरवलं. जोरानं फिरवलं.

“संभळातुं नथी,” ते म्हणाले. ऐकू येत नाही.

आक्कांनी हात पुढे केला, पीस परत घेतलं आणि तिसऱ्यांदा कानाजवळून फिरवलं. मामांच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, “मने संभळाय छे.” मला ऐकू येतं.

आक्का खोटं बोलतात, असं मामांना आता पोळासमोर म्हणावं लागलं असतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मला वाटतं, तिथं उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांना तरी खरं काय ते कळलं होतं आणि एकाच्याही तोंडून ते निघालं नाही. शेवटी मामा खांदे उडवून म्हणाले, “आक्काबेन कहे छे, तो ढेल हशे.” आक्काबेन म्हणतात, तर लांडोर असेल.

“आणि आता बाळाला डॉक्टरकडे न्या,” आक्का म्हणाल्या. “रिक्षा उभीच आहे.”

हंसाला न्यायला आलेल्या रिक्षातून जसु आणि सविताबेन बाळाला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी न्यूमोनियाची सुरुवात सांगितली, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं म्हणाले. पेटी दारातच होती. हंसानं ती स्वतः उचलून आत नेली.

बाळ बरं झालं. त्यानंतर काही दिवसांनी जसु पोलक्याचं माप द्यायला आली. मी तिथेच बसून हुक लावत होते. आक्कांच्या तोंडात टाचण्या होत्या. माप घेता घेता जसु एकदम रडायला लागली. ते पीस तिनंच ठेवलं होतं. वाडीतल्या कुणा माणसानं, बाळाला वांझ बाईची नजर लागू नये म्हणून, मंतरून दिलं होतं. घुबडाचं आहे हे त्यानं सांगितलं होतं. घुबड नजरेला घाबरत नाही म्हणे. सासूनं किंचाळून घर डोक्यावर घेतल्यावर तिला तोंड उघडायचा धीर झाला नाही.

म्हणजे तेच पीस एकीनं राखण म्हणून ठेवलं आणि दुसरीनं करणी म्हणून उचललं.

आक्कांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या. रागावतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “हात वर करा.” काखेतलं माप घेतलं. मग म्हणाल्या, “हे हंसाला सांगून या आणि मग पोलकं घेऊन जा.”

पोलकं दोन दिवसांत शिवून झालं. अंजिरी रंगाचं, बाह्यांना जरीकाठ. आक्कांनी ते मशीनमागच्या खिळ्याला टांगलं. जसुच्या भावाचं लग्न होतं, ती जुनं पोलकं घालून गेली. होळी झाली, पोलकं तिथंच. सविताबेन दोनदा विचारून गेल्या, आक्का म्हणाल्या, अजून थोडं काम राहिलंय. उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी मी गेले तर खिळा रिकामा होता. त्या दिवशी दुपारी हंसा आणि जसु एका ताटात पापडाचं पीठ मळत बसल्या होत्या. दोघींचे डोळे सुजलेले होते. त्यांच्यात काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. आक्कांनी ते विचारलं नाही.

आक्कांचं मात्र लांडोर म्हटल्याच्या त्या दिवसापासून एक बंद झालं. नंतरच्या आठवड्यात दत्तोपंतांचा नातू एक हिरवं पीस घेऊन आला. पोपटाचं होतं, मलाही कळत होतं. आक्कांनी ते हातात घेतलं नाही.

“कान गेला रे बाबा माझा,” त्या म्हणाल्या. “आता काही सांगता येत नाही.”

पोळाच्या टोकाला दूधवाल्यानं सायकल उभी केली की ज्यांना घरात कळायचं, त्यांचा कान गेला होता. लोकांनी काही महिने पिसं आणली, मग थांबले. मुलांनी थोडे जास्त दिवस आणली. आक्का तेच उत्तर देत, हसून, पण हात पुढे करत नसत. मी एकदा, आम्ही दोघीच असताना, विचारलं, “आक्का, ते घुबडाचंच होतं ना?”

“तुम्ही तिथं होता ना, वहिनी? मग मी काय म्हटलं ते ऐकलंत.”

“ऐकलं.”

“मग झालं तर.”

त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुईत ओवलं. थोड्या वेळानं, मला नव्हे, समोरच्या कापडाला सांगावं तसं म्हणाल्या, “आबा असते तर त्यांनी खरं सांगितलं असतं. आणि पोरगी गेली असती.”

हंसा त्यांच्याकडे शिवण शिकायला येऊ लागली. बोलायला मुकी असलेली ती मुलगी आक्कांच्या संगतीत मराठी शिकली आणि तेही मान्यांच्या घरातलं, ठसक्याचं. पुढे तिच्या नवऱ्यानं धंद्यातून अंग काढलं, मकरपुऱ्याकडे कारखान्यात नोकरी धरली आणि दोघांनी तरसालीला छोटं घर बांधलं. त्यांना मूल झालं नाही. आम्हीही पोळ सोडून कारेलीबागेत राहायला गेलो. सासूबाईंचं भाकीत, म्हणायचं तर, अर्धं खरं झालं. वेगळ्या घरात गेलो, पण त्यांना बरोबर घेऊन.

आक्का पोळात एकट्याच राहिल्या. त्यांना जिना चढवेना झाला तेव्हा पुण्याचा पुतण्या न्यायला आला होता. त्यांनी त्याला जेवू घालून परत पाठवलं. महिनाभरानं हंसा टेंपो घेऊन आली, मशीन चढवलं, आणि आक्का पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तरसालीला, त्या वारल्या त्याआधी थोडेच दिवस. थंडीतली सकाळ होती. फाटकाशी पोचले तेव्हा अंगणात उन्हाला स्टूल टाकून आक्का बसल्या होत्या. डोक्यावर पदर नव्हता. त्यांचे मोकळे केस मी पहिल्यांदाच पाहत होते, विरळ, पांढरेशुभ्र, पाठीवर पसरलेले. मागे उभी राहून हंसा गुंता काढत होती. तिचेही कानशिलाजवळचे केस पिकले होते.

“हळू गं,” आक्का करवादल्या. “कोंबडी सोलतेस का?”

“मी वाण्याची मुलगी, आक्का. मला कोंबडी कुठून सोलता येणार?”

आक्का हसल्या. हसता हसता खांदे हलायला लागले, मान हलली, आणि काढत आणलेला भांग मोडला. हंसा ‘अरे राम’ म्हणाली, त्यांचं डोकं दोन्ही हातांनी सरळ धरलं आणि भांग पहिल्यापासून काढायला घेतला. माझ्या हातात बडोद्याच्या ओलसर लीलो चिवड्याची पिशवी होती. वेणी पुरी होईपर्यंत मी फाटक उघडलं नाही.